सोपवलेले धन आणि न सोपवता येणारी जबाबदारी

संपत्तीचा खरा स्वामी अल्लाह आहे आणि माणूस तिचा केवळ विश्वस्त आहे, ही दिव्य कुरआनची मूलभूत शिकवण आहे. सूरह हदीदच्या सातव्या आयतीत हाच आशय आला आहे. या विश्वस्तपणाचा हिशेब कसा होईल, हेही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगून ठेवले आहे. कयामतच्या दिवशी माणसाला त्याच्या संपत्तीविषयी विचारले जाईल, की ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली. मिळवणे आणि खर्च करणे यांच्यामध्ये आणखी एक टप्पा असतो आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो टप्पा म्हणजे धन राखणे. मधल्या काळात आपले धन कोणाच्या हाती असते, त्याच्या बळावर कोण काय करतो, हाही कमाईचाच प्रश्न आहे. कारण त्या काळात होणारी वाढ आपण आपली कमाई म्हणूनच घेतो.

आज हा प्रश्न आपल्या घरांत अशा रूपाने येत आहे, की वडीलधाऱ्यांना तो ओळखूही येत नाही. शिकलेली, नोकरी करणारी मुले सांगतात, की आम्ही टोकन ‘स्टेक’ केले आहेत आणि त्यावर ‘रिवॉर्ड’ मिळतो. बँकेचे व्याज हराम आहे हे त्यांना ठाऊक असते, ते टाळण्याची त्यांची इच्छाही प्रामाणिक असते. म्हणूनच ती विचारतात, की हे व्याज नसेल तर त्यात गैर काय? प्रश्न झिडकारून टाकणे सोपे आहे, डोळे झाकून ‘हलाल’ म्हणणे त्याहून सोपे आहे. वाचकहो, या दोन्ही वाटा सोडून आपण हा व्यवहार आधी समजून घेऊ आणि मग त्याला शरीयतच्या व नीतीच्या कसोटीवर लावू.

स्टेकिंग म्हणजे काय?

ब्लॉकचेन ही एक सामाईक हिशेबवही आहे. ती कोणा एका बँकेच्या तिजोरीत नसून जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. कोणी कोणाला काय दिले, याची नोंद खरी की खोटी, हे ठरवणारा मध्यवर्ती कारकून तेथे नाही. मग साक्ष कोणी द्यायची? बिटकॉइनने यासाठी संगणकांची प्रचंड वीज खर्च करणारी स्पर्धा निवडली. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेले इथेरियम हे जाळेही प्रारंभी त्याच मार्गाने चालत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने तो मार्ग सोडला आणि वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. आता तेथे साक्षीदाराला वीज जाळावी लागत नाही. त्याला जामीन ठेवावा लागतो. किमान ३२ इथर इतकी ठेव जाळ्यात अडकवून ठेवणाऱ्याला नोंदी तपासण्याचा आणि त्यांवर साक्ष देण्याचा अधिकार मिळतो. अशा साक्षीदाराला ‘व्हॅलिडेटर’ म्हणतात आणि ठेव अडकवण्याच्या या क्रियेला ‘स्टेकिंग’. खरी साक्ष वेळेवर दिली तर मोबदला मिळतो. एकाच गोष्टीवर दोन परस्परविरोधी साक्षी दिल्या, तर ठेवीचा काही भाग जप्त होतो आणि साक्षीदाराला जाळ्याबाहेर काढले जाते.

प्रत्येकाला हे काम स्वतः करता येत नाही. संगणक अहोरात्र चालू ठेवावा लागतो, तांत्रिक ज्ञान लागते. म्हणून काही जाळ्यांनी प्रतिनिधी नेमण्याची सोय केली आहे. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेले कॉसमॉस हब हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे सामान्य टोकनधारक आपली टोकने एखाद्या व्हॅलिडेटरच्या नावे लावतो. याला ‘डेलिगेशन’ म्हणतात. टोकनांची मालकी त्याचीच राहते, व्हॅलिडेटर ती खर्च करू शकत नाही; मात्र तिच्या वजनावर तो साक्ष देतो. मोबदल्यातून व्हॅलिडेटर आपले कमिशन कापून घेतो आणि उरलेला वाटा धारकाला मिळतो. व्हॅलिडेटरने दुहेरी साक्ष दिली, तर त्याच्याकडे लावलेल्या टोकनांपैकी ५ टक्के नष्ट होतात. त्यात त्याची स्वतःची टोकने असतात, तशीच त्याच्यावर विसंबलेल्या प्रत्येकाचीही असतात. त्याचा संगणक दीर्घकाळ बंद पडला, तर ०.०१ टक्का नष्ट होतात. टोकने परत घ्यायची ठरवली तर २१ दिवस थांबावे लागते. त्या काळात मोबदला मिळत नाही आणि व्हॅलिडेटरचा आधीचा एखादा गुन्हा उघडकीस आला, तर दंड मात्र लागू होतो.

मोबदला की व्याज?

सूरह बकराच्या २७५व्या आयतीत व्यापार आणि व्याज यांना एकसारखे मानणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. दोहोंत धन वाढते. पण वाढ पाहून दोन व्यवहार एक ठरत नाहीत. व्याजाची ओळख अशी, की धन कर्जाऊ दिले जाते, मुद्दल परत मिळण्याची हमी असते आणि केवळ काळ गेला म्हणून ठरलेली वाढ मागितली जाते. फकीहांनी एक नियम सर्वत्र लावला आहे, की ज्याच्या माथ्यावर नुकसान, त्याचाच नफ्यावर हक्क. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये हजरत उमर (रजि.) यांच्या दोन पुत्रांचा प्रसंग आहे. बसऱ्याच्या शासकाने त्यांना बैतुलमालचे धन कर्जाऊ दिले. त्यांनी इराकचा माल घेऊन मदीनेत विकला आणि नफा मिळवला. हजरत उमर (रजि.) यांनी विचारले, की ही सवलत साऱ्या सैन्याला मिळाली होती काय? तशी ती मिळाली नव्हती. तेव्हा त्यांनी मुद्दलासह सारा नफा मागितला. त्यावर एका पुत्राने म्हटले, की धन बुडाले असते तर भरपाई आम्हालाच करावी लागली असती. अखेर हा व्यवहार भागीदारीचा मानून अर्धा नफा बैतुलमालमध्ये जमा झाला. या प्रसंगात दोन धडे आहेत. धोका उचलणाऱ्याचा हक्क मान्य झाला. पण धन कोणत्या वाटेने हाती आले, हे विचारल्याशिवाय तो मान्य झाला नाही.

या कसोटीवर पाहता प्रत्यक्ष स्टेकिंग हे बँकेच्या मुदत ठेवीसारखे नाही. तेथे कोणाला कर्ज दिलेले नसते, मुद्दलाची हमी नसते, मोबदला किती लोक सहभागी आहेत आणि काम कसे झाले यांवर बदलतो. स्वतः संगणक चालवून साक्ष देणाऱ्याचा मोबदला हा मेहनतान्याच्या जवळ जातो. म्हणून ‘वाढ दिसली म्हणजे व्याजच’ असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

परंतु प्रतिनिधी नेमणाऱ्याचे काय? तो संगणक चालवत नाही, नोंदी तपासत नाही. त्याच्याकडून जाते ते केवळ जामिनाचे वजन. आणि येथे एक गंभीर अडचण उभी राहते. दुसऱ्यासाठी जामीन राहणे इस्लाममध्ये उपकाराचे कृत्य मानले गेले आहे. निव्वळ जामीन राहण्याबद्दल पैसे घेणे बहुसंख्य फकीहांनी नाकारले आहे, कारण त्यात काम काहीच नसते आणि पैशाच्या बळावर पैसा घेण्याची वाट उघडते. याउलट तो व्हॅलिडेटरच्या कामातील खरा भागीदार असेल आणि नफ्यात तसाच नुकसानीतही त्याचा वाटा असेल, तर हा व्यवहार वेगळा ठरतो. आपल्याकडील शेतीचे उदाहरण घ्या. जमीन बटईने देणारा पिकाचा वाटेकरी असतो; पीक बुडाले तर त्याचाही वाटा बुडतो. तो बांधावर जातो, वाटेकऱ्याची निवड पारखून करतो. डेलिगेशन बटईसारखे आहे की भाडे घेतलेल्या जामिनासारखे, हाच विद्वानांपुढील खरा प्रश्न आहे.

आणखी एका गोष्टीत फसगत होते. जाळ्याकडून मिळणारा मोबदला दोन ठिकाणांहून येतो. एक वापरकर्त्यांनी दिलेल्या शुल्कातून आणि दुसरा नव्याने निर्माण केलेल्या टोकनांतून. कॉसमॉस हबच्या मूळ रचनेत वर्षाला ७ ते २० टक्के नवी टोकने निर्माण होत असत. ज्यांनी टोकने लावली त्यांना ती मिळत आणि ज्यांनी लावली नाहीत त्यांचा हिस्सा तितका पातळ होई. म्हणजे पडद्यावर दिसणारी टक्केवारी हा सगळा नफा नव्हे. तिचा मोठा भाग केवळ आपला हिस्सा घटू न देण्याइतका असतो. सर्वांच्या पानात पाणी वाढवले म्हणून आमटी वाढत नाही. या आकड्याला बचतीवरील उत्पन्न समजून जे घरखर्चाचे गणित मांडतात, ते स्वतःचीच फसवणूक करतात.

मुळात क्रिप्टो संपत्तीचा व्यवहारच जायज आहे काय, याविषयी एकमत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. इजिप्तच्या दारुल इफ्ताने बिटकॉइनच्या व्यवहाराला मनाई केली. मलेशियातील रोखे आयोगाच्या शरीयत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला अटींसह मान्यता दिली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून तिचा वापर हराम ठरवला. म्हणून ज्याला या वाटेने जायचे आहे, त्याने आपल्या विश्वासातील मुफ्तींसमोर व्यवहाराचा संपूर्ण तपशील ठेवून विचारावे. ‘हे क्रिप्टो चालते का?’ एवढ्या प्रश्नाला अचूक उत्तर मिळणार नाही, कारण एकाच नावाखाली अगदी भिन्न करार दडलेले असतात.

सोपवणे म्हणजे सुटणे नव्हे

फिकहचा निर्णय विद्वान देतील. पण एक नैतिक प्रश्न असा आहे, की त्याचे उत्तर प्रत्येकाला स्वतःच द्यावे लागेल. काम दुसऱ्याकडे सोपवले की जबाबदारीही जाते काय?

वकालत म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला काम करण्याचा अधिकार देणे इस्लामला मान्य आहे. मक्का सोडताना प्रेषित (स.) यांच्याकडे लोकांच्या अमानती होत्या, त्यांत विरोधकांच्याही होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्याचे काम त्यांनी हजरत अली (रजि.) यांच्यावर सोपवले. जिवावर उठलेल्या लोकांच्या वस्तूही निगुतीने परत झाल्या. सोपवणे असे असते. ज्याच्यावर सोपवायचे त्याचे चारित्र्य माहीत असते, काम नेमके सांगितलेले असते आणि ते पुरे होईपर्यंत सोपवणारा त्याच्याशी बांधलेला राहतो.

आता मोबाईलच्या पडद्यावरील निवड पाहा. व्हॅलिडेटरांची यादी समोर येते. अनेक जण सर्वांत वरचे नाव किंवा सर्वांत कमी कमिशन पाहून बोट टेकवतात. त्या नावामागे कोण आहे, त्याला पूर्वी दंड झाला आहे काय, हे पाहिले जात नाही. कॉसमॉससारख्या जाळ्यात तर आणखी एक गोष्ट नकळत सोपवली जाते. जाळ्याचे नियम बदलण्याच्या प्रस्तावावर धारकाने स्वतः मत दिले नाही, तर त्याच्या वाट्याचे वजन व्हॅलिडेटरच्या मतामागे मोजले जाते. म्हणजे आपण धनाबरोबर आपला होकार आणि नकारही देऊन टाकलेला असतो. सामाईक निधी कोठे खर्च व्हावा, नियम कोणाच्या सोयीचे व्हावेत, यावर आपल्या नावाने मत पडते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

व्हॅलिडेटरचे काम साक्षीचे आहे, हे आपण वर पाहिले. खोटी साक्ष ही इस्लाममध्ये महापापांत मोजली जाते. मग साक्षीदाराला बळ देणाऱ्याला त्या साक्षीविषयी उदासीन राहता येईल काय? येथे कोणी म्हणेल, की यंत्रणाच अशी आहे, की खोटे बोलणाऱ्याचे धन जाते. आम्ही कशाला काळजी करावी? याचे उत्तर असे, की दंडाची भीती माणसाला अप्रामाणिकपणापासून रोखू शकते, प्रामाणिक करू शकत नाही. जाळ्याचा नियम केवळ पकडल्या गेलेल्या खोट्याला शिक्षा करतो. श्रद्धावंताचा हिशेब त्या लेखणीशी आहे, जिच्यातून काहीच सुटत नाही. शिवाय ५ टक्के टोकने नष्ट होतात तेव्हा यंत्र असे विचारत नाही, की तुम्हाला ठाऊक होते काय. तेथेही नेमणाऱ्याला नेमणुकीची किंमत मोजावी लागते. संगणकाच्या नियमाने जे मान्य केले, ते आपल्या सदसद्विवेकाने का नाकारावे?

म्हणून डेलिगेशन करणाऱ्याने निवड पारखून करावी, कामावर लक्ष ठेवावे, मत स्वतः द्यावे, व्हॅलिडेटर भरकटला तर त्याच्याकडील टोकने काढून घ्यावीत. एवढे केल्याने कराराचे शरई स्वरूप बदलत नाही, हे खरे. पण यातले काहीच न करता केवळ वाढ मोजत राहणारा माणूस मनाने सावकाराच्या ओसरीवर बसलेला असतो, मग कराराचे नाव काहीही असो.

परत घेण्याचा हक्क

अमानतीची खरी परीक्षा ती परत मागण्याच्या दिवशी होते. इथेरियमवर डिसेंबर २०२० पासून ज्यांनी टोकने अडकवली, त्यांना ती काढून घेण्याची सोय १२ एप्रिल २०२३ पर्यंत नव्हती. ही अट आधीच सांगितलेली होती, त्यामुळे तिला फसवणूक म्हणता येत नाही. पण ज्यांनी ती वाचलीच नव्हती, त्यांच्यासाठी ती तितकीच कठोर ठरली. टेरा या जाळ्यावरही परत घेण्याची मुदत २१ दिवसांची होती. मे २०२२ च्या सुरुवातीला त्याच्या लुना या टोकनाची किंमत सुमारे ८० डॉलर होती. दोन आठवड्यांच्या आत ती एका सेंटपेक्षाही खाली गेली. ज्यांची टोकने अडकलेली होती, ते आपले धन विरघळताना पाहत राहिले. त्याच जाळ्यावर डॉलरशी बांधलेल्या नाण्यांवर वर्षाला सुमारे १९.५ टक्के वाढ देऊ केली जात होती. एवढी वाढ येते कोठून, हा साधा प्रश्न थोड्यांनीच विचारला.

याहून बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील सेल्सियस या कंपनीचे आहे. लोक आपली क्रिप्टो संपत्ती तिच्याकडे ठेवत आणि कंपनी दर आठवड्याला ‘रिवॉर्ड’ देत असे. १२ जून २०२२ रोजी तिने पैसे काढणे बंद केले आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की सुमारे ६ लाख खात्यांतील ४.२ अब्ज डॉलरची ती संपत्ती कंपनीच्या मालकीची आहे. कारण खातेदारांनी मान्य केलेल्या अटींत मालकी कंपनीकडे जाईल असे लिहिलेले होते. लोकांना वाटत होते, की आपण ठेव ठेवली आहे. प्रत्यक्षात त्यांनी कर्ज दिले होते आणि ‘रिवॉर्ड’ हे त्या कर्जावरील व्याज होते. करारात शब्द नव्हे तर अर्थ पाहावा, हा फिकहचा जुना नियम आहे. आज अनेक ॲपवरील ‘स्टेकिंग’चे बटण याच जातीचे असू शकते. मालकी ॲप चालवणाऱ्याकडे जात असेल आणि ठरावीक वाढीचे वचन असेल, तर नाव काहीही असले तरी ते व्याजच आहे.

याच्या शेजारी हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांचे वर्तन ठेवून पाहा. लोक त्यांच्याकडे अमानत ठेवायला येत, तेव्हा ते म्हणत, की अमानत नको, हे कर्ज समजा. कारण ते हरवण्याची त्यांना धास्ती वाटे. अमानत हरवली तर, निष्काळजीपणा नसल्यास, भरपाई द्यावी लागत नाही. कर्ज मात्र फेडावेच लागते. त्यांनीही अमानतीचे कर्ज केले. पण नुकसानीचा भार लोकांच्या माथ्यावरून उतरवून स्वतःच्या माथ्यावर घेण्यासाठी. हिजरी ३६ मध्ये ते शहीद झाले तेव्हा अशा देण्यांची रक्कम २२ लाख भरली. त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी मालमत्ता विकून ती फेडली आणि तरीही वारसांत वाटणी लगेच केली नाही. चार वर्षे हजच्या काळात ते जाहीर पुकारा करत राहिले, की माझ्या पित्याकडे कोणाचे येणे असेल तर त्याने यावे. दोन्हीकडे शब्द बदलला होता. कंपनीने तो मालकी घेण्यासाठी बदलला, हजरत जुबैर (रजि.) यांनी जबाबदारी घेण्यासाठी.

घरातील कर्तव्ये

ज्यांच्या घरात अशी संपत्ती आधीच आहे, त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली जकात. स्वखुशीने अडकवलेले धन मालकीतून जात नाही. म्हणून ते हिशेबातून परस्पर वगळू नये, आपल्या आलिमांना विचारून जकात काढावी. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून अशा संपत्तीच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे. तो लपवणे ही देखील अप्रामाणिकताच आहे.

दुसरी वसीयत. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, असा प्रेषित (स.) यांचा उपदेश आहे. वॉलेटची किल्ली म्हणजे १२ किंवा २४ शब्दांची एक माला असते. ती केवळ एकाच्याच स्मरणात असेल आणि तो अचानक गेला, तर पत्नीचा, मुलींचा, आईवडिलांचा अल्लाहने ठरवून दिलेला वाटा कायमचा कुलूपबंद होतो. कोणतेही न्यायालय ते कुलूप उघडू शकत नाही. विश्वासू माणसाला सांगून, सुरक्षित रीतीने लिहून ठेवणे हे वारसांचे ऋण आहे. आणि जे धन स्वतःचे नाही, मग ते यतीमांचे असो, मशीद-मदरशाच्या निधीचे असो वा पत्नीच्या मेहरचे, ते या वाटेला लावण्याचा विचारही करू नये.

वाचकहो, हलाल स्पष्ट आहे, हरामही स्पष्ट आहे आणि त्यांच्यामध्ये संशयास्पद गोष्टी आहेत, त्यांपासून जो दूर राहिला त्याने आपला दीन आणि आपली अब्रू राखली, ही प्रेषित (स.) यांची शिकवण अशा काळासाठीच आहे. ज्याचे मन निःशंक नाही त्याने दूर राहावे. रोजी देणारा अल्लाह आहे, यंत्र नव्हे. आणि ज्याने विचारपूर्वक, विद्वानांना विचारून पाऊल टाकले, त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की टोकने दुसऱ्याच्या नावे लावता येतात, काम दुसऱ्याकडून करवून घेता येते. हिशेबाच्या दिवशी मात्र कोणी कोणाचा प्रतिनिधी नसेल. अल्लाह आपणा सर्वांना शुद्ध रोजी देवो आणि तिचा जाब देण्याची तयारीही देवो. आमीन.